नेवासं, पैठण आणि आत्याची पिशवी

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. "नेवाशाला कधी नेतेस?" मी नेते असं कधी म्हटलं होतं तेच मला आठवेना. तिला पक्कं आठवत होतं. वडिलांच्या तेराव्याला, पानं उठल्यावर, मागच्या अंगणात हात धुताना. म्हणजे सहा वर्षं झाली. "आईची राहिलेली गोष्ट आहे. मी गेले की ती पण जाईल," एवढं बोलून तिने फोन ठेवला. आत्या धमकी अशीच देते, आवाज न चढवता.

तिची आई म्हणजे माझी आजी. सकाळचा चहा व्हायच्या आधी दहा ओव्या, हा तिचा नेम. बारामतीच्या आमच्या घरात देवघराच्या फळीवर तिची ज्ञानेश्वरी असायची, लाल फडक्यात बांधलेली, कडांना तेलकट झालेली. पंढरपूर झालं, आळंदी झाली, पण जिथे ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते नेवासं राहिलंच. दर वर्षी निघायचं ठरायचं आणि दर वर्षी कुणाचं तरी बाळंतपण आडवं यायचं.

माझं म्हणाल तर मी तीस वर्षं इतरांची प्रुफं तपासते आणि आठवड्याला एक स्तंभ लिहिते. बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात काय भरायचं हा प्रश्न अजून पडतो. 'लेखिका' लिहायला हात धजत नाही. देवाचं माझं फारसं काही नाही. श्रद्धा असलीच तर ती ऱ्हस्व-दीर्घावर आहे. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि माझ्या पर्समध्ये लाल पेन. चार दिवस एकत्र कसे निघणार, याची धास्ती दोघींच्या घरच्यांना होती.

पहिला दिवस : पुणे ते नेवासं

आरक्षण वगैरे काही केलं नाही. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आत्याचं शून्य आणि माझं निम्मं. (आधार कार्ड जवळ ठेवा. आत्या ते कुंकवाच्या डबीशेजारी, कापडी पिशवीत ठेवते. ही पिशवी पुढे बरीच येणार आहे.)

पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी 'नगर, नगर' असं करत नगर आलं. तिथून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. घोडेगावला अर्धी गाडी शनिशिंगणापूरसाठी उतरली. शेजारच्या बाईंनी आत्याला विचारलं, "तुम्ही नाही उतरत?" आत्या म्हणाली, "शनीला पुढच्या खेपेला. आज ज्ञानोबाचं बोलावणं आहे." बोलावणं तिने स्वतःच धाडलं होतं हे मी बोलले नाही.

नेवासा फाट्यावर उतरायचं, तिथून रिक्षाने गावात. लॉज साधं, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीने आणि तेही सातच्या आत. पिशव्या टाकल्या आणि ऊन उतरायच्या आत मंदिर गाठलं.

ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली म्हणतात, तो खांब इथे आहे. 'पैस' म्हणतात त्याला. बाहेरचं देऊळ अगदी अलीकडचं, फरशी गुळगुळीत, सभामंडप ऐसपैस. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी खांब. काळपट, जाडसर, दिसायला अगदी साधा. एखाद्या पडक्या वाड्यात असा खांब दिसला असता तर आपण त्याला म्हैस बांधली असती. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सांगणारा रूढ हिशेबाने पंधरा वर्षांचा. माझा भाचा पंधराचा आहे आणि जेवायला ये म्हटलं तर 'हं' एवढंच सांगतो.

आत्या हात जोडून उभी राहिली ती राहिलीच. मी मात्र खांबावरची अक्षरं बघत होते. त्यावर जुना कोरीव लेख आहे. तिथे रोज येऊन बसणारे एक आजोबा होते, पांढरं धोतर, वर स्वेटर आणि डोक्याला मफलर. माझं बघणं त्यांनी ओळखलं. "काय लिहिलंय ते विचारा की," ते म्हणाले. मी विचारलं. "तेलाचा हिशोब आहे." मला वाटलं थट्टा करताहेत. पण खरंच तसं आहे. हा खांब मूळचा करवीरेश्वराच्या देवळाचा, आणि त्या देवाच्या दिव्याच्या तेलासाठी कुणीतरी दान दिलं त्याची ती नोंद. मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ ज्या दगडाला टेकून झाला, त्या दगडावर दिवाबत्तीच्या खर्चाची तरतूद कोरलेली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दुधाचा हिशोब लिहिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझे निम्मे स्तंभ लिहिलेत.

सभामंडपात बायकांचं पारायण चाललं होतं. पंधरा-वीस जणी, समोर ठवण्यांवर पोथ्या, आवाज एका लयीत. अठरावा अध्याय संपत आला होता. बसलो. शेवटची ओवी मला पाठ आहे, कारण आजी तिथे आली की आवाज चढवायची:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

लहानपणापासून ऐकलेली ओवी, पण 'लेखकु' या शब्दावर मी त्या दिवशी पहिल्यांदा थबकले. आपण ज्याला लेखक म्हणतो तो इथे ज्ञानेश्वर नाही. ज्ञानेश्वरांनी 'टीका केली'. लेखकु झाले ते सच्चिदानंदबाबा, शेजारी बसून उतरवून घेणारे. ते मेलेले होते, बायको सती निघाली होती, तिने वाटेत ज्ञानेश्वरांना नमस्कार केला आणि 'अखंड सौभाग्यवती भव' ऐकून तिरडीवरचे बाबा उठून बसले, अशी कथा आजोबांनी सांगितली. उठल्याबरोबर त्यांना लिहायला बसवलं. मी म्हटलं, प्रकाशकसुद्धा इतकी घाई करत नाहीत. आजोबा हसले, आत्या हसली नाही.

मी पण एकेकाळी लेखकु होते. चौथी-पाचवीत असताना आजीची पत्रं मी लिहायचे. आजीला लिहिता येत नव्हतं. पोथीची पानं ती उलटायची, पण ते तिला सगळं पाठच होतं, अशी आमची सगळ्यांची समजूत. दर महिन्याला १५ पैशांची दोन पोस्टकार्डं. एक मुंबईच्या काकांना, एक सांगलीला आत्याला. आजी जात्याच्या खोलीत उंबऱ्यावर पाय पसरून बसायची आणि सांगायची, "लिही." मी पालथी पडून लिहायचे, पाटी खाली धरून, बारीक अक्षरात, कारण तिचं सांगणं मोठं आणि कार्ड लहान. शेवटी 'वाचून दाखव' हे ठरलेलं.

इथे माझी एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री लॉजवर आत्या जपमाळ ओढत असताना सांगाविशी वाटली, पण तिचा जप मोडायला नको म्हणून राहून गेलं. खरं कारण हिंमत.

जेवणाआधी मोहिनीराजाला जाऊन आलो. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटलं ते याच गावात, असं इथले लोक सांगतात. चोरून अमृत प्यायलेल्या राहूचं शिर जिथे पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. दोन्ही गावं याच भागातली. नकाशावर बोट ठेवून पुराण सांगायची ही पद्धत मला फार आवडते. देवळाचं कोरीव काम बघायला उजेड हवा, तेव्हा मोहिनीराज दिवसा करा आणि पैसाचं देऊळ संध्याकाळी. आम्ही उलट केलं. जेवायला बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि खर्डा. शेवभाजीचा रस्सा इतका झणझणीत की आत्याने ताटात पाणी ओतून खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागितला.

दुसरा दिवस : शेवगाववरून पैठण

पैठणला जायला दोन वाटा आहेत. हमरस्त्याने प्रवरासंगम, कायगाव करत वळसा घालून, किंवा कुकाण्यावरून शेवगाव आणि तिथून पैठण. आम्ही दुसरी घेतली. रस्ता अरुंद, पण जानेवारीत या रस्त्यावर जे दिसतं ते हमरस्त्यावर दिसत नाही. उसाच्या बैलगाड्या. एकामागे एक, शिगोशीग भरलेल्या, वर एखादं पोरगं पांघरूण घेऊन बसलेलं. भेंड्याला साखर कारखाना आहे, त्याचंही नाव ज्ञानेश्वरच. गाडीत मळीचा आंबूस वास शिरला. थंडी अशी होती की खिडकी लावावी तर वासाने जीव जाईल आणि उघडावी तर कानाने.

कुकाण्याच्या पुढे एका शेतात हुरड्याचा धूर दिसला. आम्ही ज्या जीपमध्ये होतो तिच्या ड्रायव्हरचंच ते मामाचं शेत निघालं. "दहा मिनिटं थांबू," तो म्हणाला. पाऊण तास थांबलो. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, आणि एक मावशी ती गरम कणसं हातावर चोळून दाणे मोकळे करत होत्या. तळहात काळे आणि चकचकीत. गूळभेंडीचा हुरडा, कोवळा, दुधाळ, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पैसे विचारले तर मावशी म्हणाल्या, "पाहुण्याकडनं?" मग आत्याने पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढून त्यांच्या नातीच्या हातावर ठेवली. आत्याच्या पिशवीत काय नाही ते विचारावं.

मावशींनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"
"लिहिते."
"काय लिहिता?"
याचं उत्तर मला कधीच धड देता आलेलं नाही. "असंच, घरातलं, रोजचं."
"ते काय लिहायचं? ते तर असतंच," मावशी म्हणाल्या आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं. तीस वर्षांत माझ्या स्तंभाचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलं नव्हतं.

शेवगावच्या स्टँडवर चहा घेतला, पैठणची गाडी पकडली आणि गोदावरीच्या पुलावर पर्समध्ये हात घातला तेव्हा लक्षात आलं की वाचायचा चष्मा नाही. जीपमध्ये राहिला, आगटीशी राहिला की चहाच्या टपरीवर, देव जाणे. चूक सर्वस्वी माझी. चष्म्याशिवाय मला हॉटेलचं मेनूकार्डही वाचता येत नाही. संध्याकाळ होऊन गेली होती, उद्या बघू म्हटलं. लांब प्रवासाला जुना का होईना, दुसरा चष्मा बरोबर घ्यावा. हे मी लोकांना स्तंभातून दोनदा सांगितलेलं आहे.

तिसरा दिवस : पैठण आणि आपेगाव

सकाळी नाथांच्या वाड्यात. पैठणला एकनाथांची दोन ठिकाणं आहेत. गावातला वाडा, जिथे ते राहिले, आणि नदीकाठचं समाधी मंदिर. आधी वाडा करावा असं मी म्हणेन, कारण तिथे घर दिसतं. अरुंद गल्ली, लाकडी खांब, आणि एका बाजूला तो रांजण. देव श्रीखंड्या नावाने नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरत होता, ती कथा या रांजणाची. नाथषष्ठीच्या आधी, फाल्गुन वद्य बीजेपासून, लोक हा रांजण भरायला लागतात. एरवी तो असाच असतो, घरातल्या कुठल्याही रांजणासारखा. आत्याने वाकून आत बघितलं. "बारा वर्षं पाणी भरलं आणि ओळख दिली नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आईनं चाळीस भरलं."

हे मला लागलं. आमच्या घरी नळ आला तो आजीची पाठ वाकल्यावर.

माझ्यासाठी नाथ म्हणजे आधी भारुडं नाहीत. माझ्या धंद्यातला तो आद्य पुरुष. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षं होत आली होती, नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. शेवटी सही करताना म्हणाले काय, तर ग्रंथ पूर्वीच अतिशुद्ध, पाठांतराने तेवढा अबद्ध झालेला. स्वतःची एक ओवीही त्यात घातली नाही. उलट पुढच्यांना बजावलं की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी मिसळेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. मी ज्या ज्या हस्तलिखितात माझं वाक्य घुसवलं ती सगळी डोळ्यांसमोरून गेली.

नाथांची दुसरी गोष्ट आजी आम्हाला झोपताना सांगायची. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते हिशोब लिहायचे. एकदा एका पैचा ताळा लागेना. रात्रभर बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, पैच्या चुकीसाठी इतका एकाग्र होतोस, हेच मन देवाकडे लाव. आजीच्या गोष्टीचा शेवट देवाकडे होता. मला लहानपणी ती टाळीच आवडायची. अजून रात्री दोन वाजता एखाद्या पानातली चूक सापडली की मी टाळी वाजवते, घरचे झोपलेले असतात म्हणून हलकेच.

दुपारी रिक्षाने आपेगावला गेलो. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव, कुलकर्णीपण त्यांच्याकडे, म्हणजे घराणंच लिहिणाऱ्यांचं. गोदाकाठचं देऊळ, पिंपळाची सावली, दोन कुत्री आणि विलक्षण शांतता. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या, परतीला तिथे वाहन मिळेलच असं नाही. येताना ड्रायव्हरने धरणाकडून आणलं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हातून १९६५ ला झाली आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. २७ दरवाजे, पलीकडे नजर पोहोचणार नाही इतकं पाणी, नाव नाथसागर. या पाण्याखाली शंभराच्या वर गावांच्या जमिनी, घरं, देवळं गेली. ड्रायव्हरच्या आज्याचंही गाव त्यात होतं. "उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की जोती दिसत्यात," तो म्हणाला. "आजा जाऊन बसायचा. कुणाचं घर कुठं ते दाखवायचा." आम्ही दोघी गप्प बसलो. वर पाणथळ पक्ष्यांचा थवा गेला. पक्षी बघायचे असतील तर भल्या सकाळी या आणि दुर्बीण आणा. दुपारी नुसते ठिपके.

संध्याकाळी नाथांच्या समाधीवरून नदीकाठी आलो. धरणाच्या खाली गोदावरी बारीक होऊन वाहते. पायऱ्यांवर ऊन होतं, शेजारी एक बाई ओले कपडे पिळत होत्या. आत्या पायरीवर बसली, गुडघे चोळले आणि पिशवीतून प्लास्टिकची एक घडी काढली. आत चार-पाच पोस्टकार्डं, पिवळी पडलेली.

"तुझी आहेत," ती म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. आता ती गोष्ट सांगून टाकते. आजी सांगायची ते सगळं मी लिहीत नव्हते. ती सांगायची, गुडघा दुखतो, रात्र रात्र झोप नाही, सूनबाईला सांगितलं तर म्हणते तेल लावा. सूनबाई म्हणजे माझी आई, पलीकडे स्वयंपाकघरात, भिंतीला कान नसले तरी आईला होते. मग मी लिहायचे, 'आजीची तब्येत उत्तम आहे. सर्व कुशल.' आणि 'वाचून दाखव' म्हटलं की कार्डाकडे बघत तोंडपाठ म्हणून दाखवायचे ते तिने सांगितलेलं, मी लिहिलेलं नव्हे. दहाव्या वर्षी मी अमृताच्या ताटात नरोटी ठेवत होते आणि मला ते फार हुशारीचं वाटायचं.

आत्याने एक कार्ड पुढे केलं. मी हातात घेतलं आणि डोळ्यांपासून लांब धरलं, आणखी लांब धरलं. मुंग्या. माझंच बारीक अक्षर, मलाच वाचता येईना.

"दे इकडे," आत्या म्हणाली. आणि ती वाचू लागली. पोस्टाचा शिक्का १९८१ चा. तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार, परीक्षा चांगली गेली, गायीला कालवड झाली, आजीची तब्येत उत्तम आहे. शाळेत कविता म्हणावी तसं तिने वाचलं. मग थांबली आणि कार्ड उलटं करून माझ्यासमोर धरलं.

पत्त्याच्या शेजारी, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने दोन शब्द होते. एकेक अक्षर हरभऱ्याएवढं. वाकडं, पण छापल्यासारखं, प्रत्येकाला वर वेगळी रेघ. ते मला चष्म्याशिवाय दिसलं.

गुडगा दूकतो

"तुझं कार्ड रात्रभर पोथीखाली असायचं," आत्या म्हणाली. "सकाळी दादा सायकलवरनं टपालात टाकायचा. तिला छापील वाचता यायचं गं. तिच्या वडलांनी अक्षरं ओळखायला शिकवलेली, लिहायला नाही. तुझं अक्षर चांगलं, गोल, तेव्हा कळायचंच तिला. दर वेळी वाचायची ती."

"दर वेळी?"

"मग? पोरीचा हात वळतोय तर वळू दे म्हणायची. आणि आईला तुझ्या जपत्येय, तेही बरंच. या एका वेळेला मात्र फारच दुखत असणार. पोथीत बघून बघून काढलंन. 'ग' कुठनं उचलला, 'द' कुठनं. अख्खी दुपार गेली म्हणाली."

'गुडघा' पोथीत कुठे सापडणार होता तिला?

मला तेव्हाचं आठवलं. आत्या अवचित आली होती सांगलीहून, चिवड्याचा डबा घेऊन, आणि दोन दिवसांनी आजीला बरोबर घेऊन गेली, मिरजेला डॉक्टरांना दाखवायला. मला वाटलं होतं, चिवडा द्यायला आली.

"तू मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"काय बोलायचं? कालवडीचं तू छान लिहायचीस." तिने कार्डं पुन्हा प्लास्टिकमध्ये घातली. "चल, आरती गाठू."

आरतीला मी गेले. टाळ्याही वाजवल्या. देवासाठी की त्या दोन शब्दांसाठी, ते मला सांगता येणार नाही.

चौथा दिवस : परत

सकाळी पैठणीचे माग बघितले. पैठणीचे काठ-पदर विणताना रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे उलट बाजूही सुलटीसारखीच दिसते. आत्या प्रत्येक साडी आधी उलटी करून बघत होती. विणणारा पोरगा म्हणाला, "आजी, तुम्हाला कळतं." घेतलं काहीच नाही. खरेदी करायची असेल तर मागाजवळ बसून आधी तासभर बघा, मग किमतीचं नवल वाटत नाही.

पैठणहून संभाजीनगर साधारण ५० किलोमीटर. तिथल्या स्टँडबाहेर चष्मेवाल्याकडे मी तयार चष्मा घेतला, दीडशे रुपये, काड्या जांभळ्या. पुण्याची गाडी लागली. प्रवरासंगमच्या पुलावर आत्याने खालच्या पाण्यात नाणं टाकलं, मला एक दिलं, मीही टाकलं. मग तिने पिशवी उघडली.

"आता वाच नीट."

मी कार्ड घेतलं. एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं. कालवड, परीक्षा, आजीची तब्येत. शेवटच्या ओळीशी थांबले. मग आत्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

चांगलं ठसठशीत, रेघेखाली रेघ मारून मी लिहिलं होतं : सर्व कूशल.

"कधीपासून माहितीये तुला?"

"आलं त्या दिवसापासून," आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली. "मायलेकी दोघी मिळून हसलो होतो मिरजेला."

माझा हात पर्सकडे गेला, लाल पेन तिथेच होतं. तेवढ्यात कंडक्टर आला. आत्याने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, पिशवीत घातलं, आणि आधार कार्ड पुढे केलं.